फायलीत राहिलेले बालपण

फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे आईवडिलांऐवजी व्यवस्थेने ठरवून दिलेल्या दुसऱ्या कुटुंबांत, वाढलेली माणसे लहानपणाबद्दल बोलू लागली की मध्येच अडखळतात. जिन्याचा रंग लख्ख आठवतो, पण ते घर कोणत्या गावातले होते हे सांगता येत नाही. दोष स्मरणशक्तीचा नसतो. लहानपणची बरीचशी आठवण टिकते ती मोठ्यांनी ‘तू तेव्हा अस्सा पडला होतास’ म्हणून दहा वेळा सांगितल्यामुळे. घर सारखे बदलत राहिले की सांगणाराच उरत नाही.

मागचे पुसून टाकणे हे एके काळी या व्यवस्थेचे धोरणच होते. चार्ल्स लोरिंग ब्रेस यांनी १८५३ मध्ये न्यूयॉर्कला चिल्ड्रन्स एड सोसायटी काढली. पुढच्याच वर्षापासून शहरातल्या निराधार मुलांना रेल्वेने दूरच्या शेतकरी कुटुंबांकडे पाठवणे सुरू झाले, ते थेट १९२९ पर्यंत. अशी सुमारे दोन लाख मुले गेली. स्टेशनावर नाहीतर एखाद्या सभागृहात त्यांना रांगेत उभे करायचे आणि लोकांनी निवडून न्यायचे. भावंडांची अनेकदा तिथेच ताटातूट होई. कित्येकांचे आईवडील हयात होते, पण जुने सगळे विसरायचे, हीच अपेक्षा. अनाथाश्रमापेक्षा घर बरे, हे ब्रेस यांचे म्हणणे आजही पटते. मुलाला भूतकाळ असतो, एवढेच त्यात धरलेले नव्हते.

स्वित्झर्लंडमध्ये तर विसाव्या शतकातही गरीब घरची मुले शेतावर राबायला दिली जात. तिथल्या सरकारने २०१३ मध्ये माफी मागितली. २०१७ मध्ये लागू झालेल्या कायद्याने पीडितांना प्रत्येकी २५,००० फ्रँक मिळाले आणि स्वतःची कागदपत्रे पाहण्याचा हक्कही.

ब्रिटनमध्ये चक्रे फिरली ती एका मृत्यूमुळे. जानेवारी १९४५ मध्ये श्रॉपशरमधल्या एका शेतघरात, जिथे त्याला सांभाळायला ठेवले होते तिथेच, १२ वर्षांचा डेनिस ओ’नील मारहाण आणि उपासमारीने गेला. सोबत असलेल्या धाकट्या भावाने न्यायालयात साक्ष दिली. (अगाथा ख्रिस्तींच्या ‘द माउसट्रॅप’ची बीजे याच प्रकरणात आहेत. नाटक सगळ्यांना ठाऊक, मुलगा कोणाला नाही.) मग अशा मुलांच्या देखभालीची चौकशी करणाऱ्या कर्टिस समितीचा १९४६ चा अहवाल आणि १९४८ चा चिल्ड्रन अॅक्ट आला. मुलांसाठी वेगळे अधिकारी नेमले गेले, भेटी आणि नोंदी वाढल्या. फाइल जाड होत गेली, पण ज्याची ती होती त्याला ती बघायला मिळत नव्हती.

लिव्हरपूलच्या ग्रॅहम गास्किनने हीच फाइल मागितली. आई गेल्यावर, वर्षाचाही नसताना, १९६० मध्ये तो नगरपालिकेच्या ताब्यात आला आणि अठरा वर्षांचा होईपर्यंत बहुतेक काळ वेगवेगळ्या कुटुंबांत राहिला. आपले हाल झाले, असे त्याचे म्हणणे होते. फाइलमध्ये ४६ जणांनी लिहिलेले सुमारे ३५२ कागद होते. डॉक्टर, शिक्षक, पोलीस, सांभाळणारे पालक, सगळ्यांनी त्याच्याविषयी लिहिलेले, फक्त त्याने वाचलेले नव्हते. नोंदी गुप्त राहतील या विश्वासाने लिहिल्या आहेत, तेव्हा लिहिणाऱ्याची संमती हवी, असे नगरपालिकेने सांगितले. ब्रिटिश न्यायालयांत तो हरला. ७ जुलै १९८९ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने मात्र निकाल त्याच्या बाजूने दिला. संमती मागायला हरकत नाही. पण लिहिणारा सापडत नसेल किंवा विनाकारण नकार देत असेल, तर निर्णय स्वतंत्र यंत्रणेने घ्यायला हवा आणि तशी सोयच नव्हती, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. बालपण समजून घेणे हा खासगी आयुष्याचाच भाग आहे, हे त्यातून मान्य झाले.

आता इंग्लंडमध्ये अशी फाइल मूल ७५ वर्षांचे होईल त्या तारखेपर्यंत जपावी लागते. मुलाचे फोटो, आधीच्या घरांची नावे, ‘तुला इथे का आणले’ याचे उत्तर एका वहीत उतरवून देण्याची पद्धतही रुळली आहे. तरी चाळिशीत फाइल मागवणाऱ्याच्या हाती पुष्कळदा काळ्या पट्ट्यांनी मजकूर झाकलेली पाने पडतात, कारण सख्ख्या भावाची माहितीही ‘त्रयस्थाची’ ठरते. आणि उरलेल्या मजकुरात वजन, लस, शाळेतली तक्रार. आवडते खेळणे कुठले होते, हे क्वचितच. काही समाजसेवक हल्ली नोंद मुलालाच उद्देशून लिहितात: ‘आज मी तुला भेटायला आले, तू झाडावर चढून बसला होतास.’