भाड्याच्या गाडीने जर्मनी, ऑस्ट्रिया, चेक: व्हिसा, परवाना आणि कागदपत्रं कोणत्या क्रमाने करायची?

रोड ट्रिपसाठी वेगळा व्हिसा नसतो. टूर कंपनीच्या बसमधून फिरणाऱ्याला जो शेंगेन (एकमेकांतल्या सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपीय देशांचा गट) पर्यटक व्हिसा लागतो, तोच स्वतः गाडी चालवणाऱ्यालाही लागतो. फरक पडतो तो कागदांच्या क्रमात. टूरबरोबर गेलात की मुक्काम, वाहन, विमा सगळं एकाच पत्रावर छापून येतं. स्वतःची स्वतः सहल आखली की एकेक कागद दुसऱ्यावर अवलंबून राहतो: मुक्कामांवर देश ठरतो, देशावर व्हिसा, व्हिसाच्या तारखांवर परवाना आणि परवान्यावर गाडी. म्हणून फॉर्म उघडायच्या आधी नकाशा उघडा.

इथे एक नेमका मार्ग समोर ठेवतो, म्हणजे नियम हवेत राहणार नाहीत. फ्रँकफर्टला उतरून गाडी घ्यायची. वुर्झबुर्गला दोन रात्री, रोथेनबुर्गला दोन, न्योर्डलिंगेनला एक, फ्युसेनला दोन. मग ऑस्ट्रियात साल्झबुर्गला तीन, चेक प्रजासत्ताकात चेस्की क्रुमलोवला दोन, परतताना जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गला एक आणि पुन्हा फ्रँकफर्ट. चौदा दिवस, तेरा रात्री. वुर्झबुर्ग ते फ्युसेन हा सुमारे ४६० किलोमीटरचा पट्टा ‘रोमँटिक रोड’ म्हणून १९५० सालापासून प्रसिद्ध आहे. न्योर्डलिंगेनची तटबंदी आजही अखंड आहे आणि वरून छप्पर असलेल्या वाटेने गावाला पूर्ण फेरी मारता येते.

रायगड-राजगड पायाखाली घातलेल्यांना आधीच सांगून ठेवतो. फ्युसेनजवळचा, सगळ्यांच्या फोटोत असतो तो नॉयश्वानस्टाइन लढायचा किल्ला नव्हेच. १८६९ मध्ये बांधायला घेतलेला तो हौशी राजाचा महाल आहे. खरा जुना गड बघायचा तर न्योर्डलिंगेनजवळचा हारबुर्ग आणि साल्झबुर्गचा १०७७ पासूनचा होहेनसाल्झबुर्ग बघा.

अर्ज कोणत्या देशाकडे?

नियम साधा आहे. ज्या देशात सर्वाधिक मुक्काम, त्या देशाकडे अर्ज. मुक्काम सारखेच असतील तर ज्या देशातून शेंगेनमध्ये पहिलं पाऊल टाकणार, त्याच्याकडे. वरच्या मार्गात जर्मनीत आठ रात्री, ऑस्ट्रियात तीन आणि चेकमध्ये दोन, म्हणून अर्ज जर्मनीकडे. उद्या तुम्ही हॉलस्टाट आणि व्हिएन्ना वाढवून ऑस्ट्रियाच्या रात्री जर्मनीपेक्षा जास्त केल्यात, तर अर्ज ऑस्ट्रियाकडे जाईल, विमान फ्रँकफर्टला उतरत असलं तरी. ‘अमुक देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते, तिकडून काढू’ हा सल्ला नातेवाइकांत फार फिरतो. मुक्कामाच्या बुकिंगवरून ते लगेच उघडं पडतं, तेव्हा त्या फंदात पडू नका.

महाराष्ट्र आणि गोवा हे जर्मनीच्या मुंबईतल्या वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतात. कागद जमा होतात व्हीएफएस या अर्ज स्वीकारणाऱ्या खासगी कंपनीच्या केंद्रात. पण व्हिसा द्यायचा की नाही हे व्हीएफएस ठरवत नाही, ते जर्मन अधिकारी ठरवतात. त्यामुळे काउंटरवरच्या माणसाने ‘चालेल’ म्हटलं याला फारसा अर्थ नाही. दुबईत किंवा लंडनमध्ये कायदेशीर वास्तव्य असलेल्या मराठी मंडळींनी अर्ज तिथूनच करायचा, सुट्टीला पुण्याला आल्यावर नव्हे.

कधी आणि किती पैसे?

प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस धरलेले आहेत, पण जास्त तपासणी लागली तर ते ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत अपॉइंटमेंटच मिळत नाही, म्हणून मे महिन्यात निघायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच तारीख पकडलेली बरी.

११ जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे. सहा ते बारा वर्षांच्या आतल्या मुलांना ४५ आणि सहाच्या आतल्यांना माफ. पैसे रुपयांत भरायचे, केंद्राचं सेवाशुल्क वेगळं, आणि व्हिसा नाकारला तरी शुल्क परत मिळत नाही.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला हवा, शेंगेनमधून बाहेर पडायच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. पर्यटक व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी एप्रिल २०२४ मध्ये एक सवलत आली. गेल्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा घेऊन नियमाने वापरले असतील, तर दोन वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो. जुना पासपोर्ट कपाटात असेल तर त्या व्हिसांच्या पानांच्या झेरॉक्स आवर्जून जोडा.

कागदपत्रं

ऑनलाइन भरून छापलेला आणि सही केलेला फॉर्म, ३५ बाय ४५ मिलिमीटरचा ताजा फोटो, पासपोर्ट, विमानाचं आरक्षण, मुक्कामाची बुकिंग, प्रवास विमा, उत्पन्नाचे पुरावे आणि कव्हर लेटर. बहुतेकांची यादी इथेच संपते. गाडीने फिरणाऱ्याने गाडीचं आरक्षणही जोडावं, कारण देशांतर्गत प्रवास कसा करणार हा प्रश्न अधिकाऱ्याला पडतोच.

कव्हर लेटरवर वेळ घालवा. ‘युरोपच्या समृद्ध संस्कृतीचं आकर्षण’ वगैरे निबंध नको. तारीख, मुक्कामाचं गाव, हॉटेलचं नाव, तिथवर कसे पोचणार, एवढं ओळीओळीने लिहा. ‘१२ मे, फ्युसेन ते साल्झबुर्ग, भाड्याची गाडी, साल्झबुर्गमध्ये तीन रात्री’ अशी ओळ अधिकाऱ्याला पुरते. मात्र ती ओळ हॉटेलच्या बुकिंगशी, गाडीच्या तारखांशी आणि विम्याशी तंतोतंत जुळली पाहिजे. एक रात्र कुठेच बुक नसेल तर ती रात्र कुठे घालवणार हे लिहा. रद्द करता येणारी बुकिंग चालतात. पूर्ण पैसे भरून विमानाचं तिकीट काढायची घाई व्हिसा येईपर्यंत करू नका.

पैशांच्या बाबतीत गेल्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आयकर विवरण, नोकरी असेल तर तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि रजा मंजूर असल्याचं कंपनीचं पत्र. धंदा असेल तर गुमास्ता किंवा जीएसटी नोंदणी. निवृत्तांनी पेन्शनचा पुरावा. अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात अचानक चार लाख आले तर ते शिल्लक म्हणून कुणी मोजत नाही, उलट प्रश्न वाढतात. एफडी मोडून पैसे आले असतील तर त्याची पावती जोडावी. आईबाबांचा खर्च मुलगा किंवा मुलगी करणार असेल तर त्यांचं पत्र, त्यांचं स्टेटमेंट आणि नात्याचा पुरावा लागतो.

मुलं बरोबर असतील तर जन्मदाखला आणि दोन्ही पालकांची संमती. एकच पालक जात असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र. बारा वर्षांखालच्या मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत. मोठ्यांचे ठसे ५९ महिने यंत्रणेत राहतात, तरीही केंद्रात पुन्हा मागितले तर देऊन मोकळं व्हावं.

विमा किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा आणि मुक्कामाचे सगळे दिवस धरणारा हवा. त्यात आजारपण, इस्पितळ आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च येतो. गाडीला लागलेला ओरखडा त्यात येत नाही. तो विमा गाडीवाल्याकडे वेगळा.

नकार आला तर कारणांचा छापील कागद मिळतो. पूर्वी जर्मन दूतावासाकडे फेरविचाराची विनंती करता यायची, ती सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाली. आता नव्याने अर्ज करायचा किंवा बर्लिनच्या न्यायालयात जायचं. सहलीसाठी दुसरा पर्याय कोण निवडणार? पुन्हा अर्ज करताना नकारात लिहिलेल्या कारणाचंच उत्तर द्या, सगळी फाइल जाड करून उपयोग नसतो.

आंतरराष्ट्रीय परवाना

हा कागद व्हिसाच्या फाइलचा भाग नसतो, म्हणून लोक तो विसरतात आणि विमानाच्या आदल्या आठवड्यात आरटीओत धावतात. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट मिळतं ते तुमच्या आरटीओकडून. परिवहनच्या सारथी पोर्टलवर महाराष्ट्र निवडून, परवान्याच्या सेवांमधून अर्ज करायचा. फॉर्म ४ए, पासपोर्ट, मूळ ड्रायव्हिंग लायसन्स, फोटो. शुल्क १,००० रुपये. नियमानुसार २०२१ पासून व्हिसा आणि वैद्यकीय दाखल्याची अट नाही, पण काउंटरवर व्हिसाची आणि तिकिटाची प्रत मागितली जाते असा बऱ्याच जणांचा अनुभव आहे. वाद घालण्यापेक्षा प्रत खिशात असलेली परवडली. म्हणूनच व्हिसा आणि प्रवास यांत दोनेक आठवडे मोकळे ठेवा.

परमिट एक वर्ष चालतं, किंवा त्याआधी मूळ लायसन्स संपत असेल तर तेवढंच. त्यामुळे लायसन्सची मुदत आधी बघा आणि संपत आलं असेल तर नूतनीकरण आधी. नुसतं परमिट दाखवून गाडी चालवता येत नाही, मूळ लायसन्स बरोबर लागतंच. इंटरनेटवर काही संकेतस्थळं डॉलर घेऊन झकपक कार्डं पाठवतात. ती सरकारी परमिट नव्हेत.

नावाचा घोळ मराठी माणसाला हमखास नडतो. पासपोर्टवर नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, लायसन्सवर आडनाव आधी, क्रेडिट कार्डवर फक्त आद्याक्षरं. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदललं आणि लायसन्सवर राहिलं, हे तर घरोघरी. गाडी देणारा माणूस पासपोर्ट, लायसन्स, परमिट आणि कार्ड काउंटरवर शेजारी शेजारी ठेवून बघतो. बदल करायचा तर परमिट काढण्यापूर्वीच करा.

गाडी घेताना

क्रेडिट कार्ड चालकाच्याच नावाचं लागतं, डेबिट कार्ड बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत. भारतीय कार्डांवर परदेशी व्यवहार सहसा मुळात बंद असतात, ते बँकेच्या ॲपमधून सुरू करा आणि मर्यादा वाढवा, कारण अनामत म्हणून मोठी रक्कम अडवून ठेवली जाते. पंचवीसच्या आतल्या चालकाला जादा आकार पडतो. दोघं चालवणार असाल तर दोघांची नावं करारात आणि दोघांचीही परमिटं.

गाडी ऑस्ट्रिया आणि चेकमध्ये नेणार हे बुकिंग करतानाच सांगा आणि करारावर लिहून घ्या. काही कंपन्या महागड्या मॉडेलना चेकमध्ये न्यायची परवानगी देत नाहीत, आणि परवानगीविना नेलेल्या गाडीचा विमा लटकतो. जिथून घेतली तिथेच परत केली तर एकेरी प्रवासाचा भला थोरला आकार वाचतो, फ्रँकफर्टला वळसा घालून येण्याचं कारण तेच. गिअर उजव्या हाताने आणि गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने, हे एकदम जमत नाही. ऑटोमॅटिकचे जास्तीचे पैसे मी तरी आनंदाने देईन.

लहान मुलांची सीट आधीच मागवा. जर्मनीत बारा वर्षांपर्यंत किंवा १५० सेंटिमीटर उंची होईपर्यंत ती सक्तीची आहे. चेकमध्ये चालकाच्या रक्तात दारूचा थेंबही चालत नाही, बिअरचा देश असला तरी.

सीमेवर नाका दिसला नाही तरी पासपोर्ट डिकीत टाकू नका. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून सगळ्या भूसीमांवर तात्पुरती तपासणी सुरू केली आणि तिची मुदत वाढवत नेली. शेंगेनच्या बाहेरच्या सीमेवर १२ ऑक्टोबर २०२५ पासून नवी नोंदणी यंत्रणा टप्प्याटप्प्याने आली. तिच्यात शिक्क्याऐवजी संगणकात नोंद होते, त्यामुळे नव्वद दिवसांचा हिशेब आता यंत्रच ठेवतं. फ्रँकफर्टच्या रांगेत त्यासाठी जास्त वेळ धरा.

जर्मनीत मोटारींना महामार्गाचा टोल नाही. ऑस्ट्रिया आणि चेकमध्ये मात्र महामार्गावर चढण्याआधी विनिएट (ठरावीक मुदतीचा टोल पास) लागतं. चेकचं फक्त इलेक्ट्रॉनिक आणि गाडीच्या नंबरशी जोडलेलं असतं. नंबर कळतो गाडी हातात आल्यावरच, म्हणजे ते घरून काढून ठेवता येत नाही. पार्किंगमध्ये उभं राहून नंबर प्लेटचा फोटो घ्या, नोंदणीचा देश ‘जर्मनी’ निवडा, शून्य आणि ओ यांची गल्लत झाली नाही ना हे बघा आणि पैसे सरकारी संकेतस्थळावरच भरा. सर्चमध्ये वर येणारे दलाल त्याच विनिएटचे जास्त पैसे लावतात.