सांगोल्याचे आबा आणि अकराचा हिशेब

सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याच्या आबांचा, म्हणजे गणपतराव देशमुखांचा विषय निघाला की 'अकरा वेळा आमदार' हे ठरलेले. त्याला 'सलग' आणि 'विक्रम' हे शब्दही सहज चिकटतात. अकरा खरे आहेत. उरलेल्या दोन शब्दांचेच काय ते बघायला हवे.

1962 आणि 1967 ला ते जिंकले, 1972 ला हरले. तिसरा विजय 1974 च्या पोटनिवडणुकीतला. विधानसभा तीच, मुदत उरलेली, म्हणून ही 'टर्म' धरायची की नाही यावर वाद घालता येतो. धरायलाच हवी, पोटनिवडणुकीतले मत काही अर्धे नसते. पुढे 1978, 1980, 1985, 1990. 1995 ला अवघ्या 192 मतांनी पराभव. मग 1999, 2004, 2009, 2014. तेव्हा 'सलग' गळाले. 1962 ते 2019 अशी सरळ वजाबाकी केली तर 57 वर्षे येतात, पण सभागृहाबाहेरचा काळ सोडला की पन्नासच्या आसपास उरतात. विक्रमाचे म्हणाल तर महाराष्ट्रापुरता तो निर्विवाद. देशाचा म्हणताना मात्र जपून: केरळात पाला या एकाच मतदारसंघातून एक नेते 13 वेळा निवडून आले, त्यातली 1965 ची विधानसभा भरलीच नाही. तमिळनाडूतल्या एका माजी मुख्यमंत्र्यांचेही विजय 13, पण मतदारसंघ बदलत गेले.

शेतकरी कामगार पक्षाच्या लाल बावट्याचा हा माणूस बहुतेक काळ विरोधी बाकांवर बसला. मंत्रिपद दोनदाच, 1978 च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारमध्ये आणि 1999 च्या काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीत. 2002 मध्ये पक्षाने पाठिंबा काढला आणि तेही संपले. तालुक्याला त्याने फारसा फरक पडला नाही. दुष्काळी शिवार, टेंभू-म्हैसाळ सिंचन योजनांचे पाणी, सूतगिरणी, डाळिंब हेच त्यांचे राजकारण. एसटीत आमदारांसाठी राखीव म्हणून रंगवलेली बाके असतात. त्यावर खरोखर बसणारा आमदार प्रवाशांनी पाहिला तो हाच.

2019 ला वयामुळे ते थांबले. नातू उभा राहिला आणि 768 मतांनी पडला. समोर 1995 चाच प्रतिस्पर्धी होता. आबा 30 जुलै 2021 रोजी गेले. 2024 ला दुसऱ्या नातवाने त्याच पक्षाकडून त्याच प्रतिस्पर्ध्याला हरवून जागा परत घेतली.