रोजचा थोडा वेळ पुरतो का?

‘एकदा सलग सुट्टी मिळू दे, मग निवांत बसेन’ असं म्हणत मी चित्रांची वही जवळजवळ दोन वर्षं कपाटात ठेवून दिली होती. छंदाला मोकळा, लांबलचक वेळ हवा ही समजूत मनात इतकी घट्ट बसलेली असते की अर्धा तास हाताशी असला तरी ‘एवढ्यात काय होणार’ म्हणून आपण तो घालवून टाकतो. एका जुन्या प्रयोगाबद्दल वाचलं आणि माझी ही समजूत मोडली.

ब्रिटनमध्ये टपाल खात्याच्या कर्मचाऱ्यांना टायपिंग शिकवायचं होतं. अ‍ॅलन बॅडली आणि लाँगमन या संशोधकांनी त्यांचे चार गट केले. एका गटाने रोज फक्त एक तास सराव करायचा, तर दुसऱ्या टोकाच्या गटाने दोन-दोन तासांच्या दोन बैठका मारायच्या, म्हणजे रोज चार तास. बाकीचे दोन गट यांच्या अधलेमधले. १९७८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कळफलक शिकायला रोज तासभर बसणाऱ्यांना एकूण सुमारे ३५ तास लागले, चार तास बसणाऱ्यांना सुमारे ५०. तासाभराच्या गटाला दिवस जास्त लागले हे खरं, पण खर्ची पडलेला प्रत्येक तास त्यांनी जास्त सत्कारणी लावला.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती या प्रयोगातली पुढची गोष्ट. सरावाची पद्धत कितपत आवडली, असं विचारल्यावर सगळ्यात कमी समाधानी निघाला तो हाच तासाभराचा गट! आपली गाडी पुढेच सरकत नाही, असं त्यांना वाटत होतं. छंद सोडून देणारी कितीतरी माणसं नेमकी याच भावनेपाशी थांबत असणार. हात शिकत असतो, मनाला मात्र ते दिसत नाही.

दोन बैठकांमधला वेळ वाया जात नाही. शिकलेलं पक्कं व्हायला मेंदूतल्या पेशींच्या जोडण्यांमध्ये बदल व्हावे लागतात, त्यासाठी नवी प्रथिनं तयार व्हावी लागतात आणि या कामाला काही तास जातात. त्यात झोपेचा वाटा मोठा आहे. म्हणून झोप मोडून छंदाला वेळ काढणं मला घाट्याचा सौदा वाटतो. रात्रपाळी करणाऱ्यांना किंवा घरी आजारी माणूस असणाऱ्यांना हा अर्धा तासही जड जातो, आणि त्यावर विज्ञानाकडे काही जादू नाही.

वेळ मिळाला तरी डोकं कामातच अडकलेलं असतं. सोफी लेरॉय यांनी २००९ साली दाखवलं की एक काम अर्धवट टाकून दुसरं हाती घेतलं की लक्षाचा काही भाग पहिल्यातच रेंगाळतो. नंतरच्या संशोधनात त्यांना उपायही सापडला: उठण्याआधी ‘कुठे थांबलो, पुढे काय करायचं’ हे थोडक्यात लिहून ठेवायचं. मी हल्ली दोन ओळी खरडूनच कामावरून उठते.

आणि थकवा? तो खराच असतो. पॅरिसमधल्या संशोधकांनी २०२२ साली सहा तासांहून जास्त वेळ डोक्याला ताण देणारं काम करून घेतलं, तेव्हा मेंदूच्या पुढच्या भागात ग्लुटामेट हे रसायन साचलेलं दिसलं, आणि ती माणसं झटपट, बिनकष्टाचं बक्षीस निवडू लागली. म्हणजे संध्याकाळी बोट मोबाइलकडे वळतं तो केवळ आळस नव्हे. यातून मी माझ्यापुरता एक मार्ग काढला. काय काढायचं ते सकाळीच ठरवते आणि पानाच्या कोपऱ्यात लिहून ठेवते. रात्री फक्त पेन्सिल उचलायची.

एखादा दिवस चुकला तर जिवाला लावून घेऊ नये. लंडनमधल्या एका अभ्यासात फिलिपा लॅली यांनी ९६ जणांच्या सवयींचा माग घेतला. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागत होते. कुणाला १८ पुरले असते, कुणाला २५४ लागले असते. एखादा खाडा पडल्याने मात्र फारसं बिघडत नव्हतं.

गेल्या आठवड्यात मी एका हाताचं चित्र काढत होते. तीन रात्री अंगठ्याचं बुड काही केल्या जमेना, प्रत्येक वेळी तो तळहाताला चिकटवल्यासारखा दिसायचा. चौथ्या रात्री बसायला जमलंच नाही. पाचव्या रात्री पेन्सिल टेकवली, आणि अंगठ्याच्या मुळाशी पडणारी ती घडी पहिल्याच रेषेत जागेवर आली.