शॉकअप बदलूनही पिकअप कललेलीच का राहते?

इंदूरच्या देवास नाक्यावर रात्रीच्या भरणीसाठी थांबलेल्या पिकअपांच्या रांगेमागून चालत गेलं, तर दोन-चार गाड्या एका अंगाला बसलेल्या हमखास दिसतात. डावीकडे चाक आणि मडगार्ड एकमेकांना टेकायला आलेले, उजवीकडे मात्र मूठ जाईल एवढी फट. मालकाला विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "शॉकअप गेलाय, बदलायचाय." तो बदलतोही. आणि नवा शॉकअप बसवून बाहेर पडलेली गाडी पुन्हा तशीच कललेली असते.

शॉकअपचं कामच मुळात वेगळं. त्याच्या नळीत तेल असतं आणि दट्ट्या त्या तेलातून बारीक छिद्रांवाटे वरखाली सरकतो. दट्ट्या जितक्या वेगाने सरकेल तितका तेलाचा विरोध जास्त, आणि दट्ट्या थांबला की विरोध संपला. खड्ड्यातून गेल्यावर गाडी डोलत राहू नये, एवढ्यापुरता तो असतो. (गॅस भरलेल्या शॉकअपमध्ये दट्ट्याला बाहेर ढकलणारा थोडा जोर असतो, पण टनभर माल वाहणाऱ्या गाडीत त्याची काय मातब्बरी!) उभी असतानाच कललेली गाडी वेगळंच सांगत असते: ज्यावर वजन टेकलंय, त्याच्या दोन बाजूंत फरक पडला आहे. पिकअपच्या मागच्या बाजूचं वजन टेकलेलं असतं कमानींवर, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पाट्यांवर.

कमानीवर ठपका ठेवण्याआधी पायाखालची जमीन तपासावी. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून डांबरी रस्त्याला मधून कडेकडे साधारण 2 ते 2.5 टक्के उतार दिलेला असतो. दोन चाकांमधलं अंतर 1.4 मीटर धरलं, तर 2.5 टक्के उतारावर डावं चाक उजव्यापेक्षा साडेतीन सेंटिमीटर खाली जातं. एवढा कल लांबूनही दिसतो आणि त्यात गाडीची काही चूक नसते. म्हणून गाडी गोदामाच्या सपाट फरशीवर घ्यावी. फरशीची शंका असेल तर गवंड्याकडची पाण्याची नळी लावून बघावी. गाडी रिकामी, दोन्ही बाजूंच्या टायरांचं माप आणि हवा सारखी, ड्रायव्हर खाली उतरलेला. मग एक्सलपासून चेसिसच्या खालच्या कडेपर्यंतचं उभं अंतर दोन्हीकडे मोजायचं. मडगार्डवरून मोजू नये. हौदा ठोकून-वाकवून सरळ केलेला असतो, तो काय खरं सांगणार?

मोजण्यापूर्वी गाडी दोन-तीनदा दाबून सोडावी. कमानीचे पाटे एकमेकांवर घासतात. वरून खाली येताना कमान त्या घर्षणामुळे जरा वरच अडकते, खालून वर येताना जरा खालीच राहते. त्यामुळे त्याच गाडीचं माप दोनदा घेतलं तर काही मिलिमीटरचा फरक सहज येतो. तीन मापांची सरासरी काढली की तो प्रश्न मिटतो.

आता पुढचा पेच. मागून कललेली दिसते म्हणून दोष मागेच आहे असं नाही. चौरंगाचा एक पाय आखूड असला की तो कोपरा तर खाली जातोच, पण अख्खी फळी तिकडे झुकते, आणि नुसती फळी बघून कोणता पाय आखूड ते सांगता येत नाही. चेसिसचं तसंच. पुढची डावी बाजू खाली बसली तर मागचीही डावी बाजू काही प्रमाणात दबते. यावर एक जुनी आणि सुंदर युक्ती आहे. पुढच्या चाकांना उटी, म्हणजे गाडी सरकू नये म्हणून ठोकळे लावून, मागच्या आडव्या तुळईच्या बरोबर मध्यावर जॅक लावायचा आणि मागच्या कमानींवरचं वजन सुटेपर्यंत चेसिस उचलायची. आता गाडी तीनच ठिकाणी टेकलेली आहे: पुढे दोन आणि मागे मधला एक बिंदू. मागचा बिंदू मध्यावर असल्यामुळे तो गाडीला डावीकडेही ढकलत नाही, उजवीकडेही नाही. पुढचा कल आता गेला तर दोष मागे, तो तसाच राहिला तर दोष पुढे. हे करताना कोणीही गाडीखाली शिरायचं नाही. काम बाहेरून बघण्याचं आहे आणि जॅक घसरायला क्षण पुरतो.

पुढे दोष निघाला आणि गाडीला टॉर्शन बार, म्हणजे पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा पोलादी दांडा असेल, तर त्याच्या टोकाशी उंची जुळवायचा बोल्ट असतो. तो फिरवून काम भागतं, मात्र नंतर चाकांचं अलाइनमेंट करून घ्यावं लागतं. बहुतेक वेळा गोष्ट मागच्या कमानीवरच येते, आणि तिथे खरी गंमत आहे.

रॉबर्ट हुक यांनी 1678 मध्ये मांडलेला नियम शाळेत सगळ्यांनी पाठ केलेला असतो: स्प्रिंग जितकी दाबाल तितकी ती जोर परत देते, दुप्पट भाराला दुप्पट दबते. हाच नियम इथे निदान करून देतो. हिशेबासाठी असं धरू, की कमानीला पाच सारख्या जाडीचे पाटे आहेत आणि एक मिलिमीटर दाबायला 6 किलो वजन लागतं. रिकाम्या गाडीत तिच्यावर 360 किलो असतील तर ती 60 मिलिमीटर दबेल, भरल्यावर 960 किलो झाले तर 160 मिलिमीटर. आता डावीकडचा एक पाटा तुटला. उरले चार, म्हणजे ताठरपणा उरला 4.8 किलोचा. तीच कमान रिकामी असताना 75 आणि भरल्यावर 200 मिलिमीटर दबेल. कल रिकामेपणी 15 मिलिमीटर, भरल्यावर 40. दुसऱ्या एक्सलचा आधार असल्यामुळे प्रत्यक्षात आकडे थोडे कमी येतील, पण दिशा तीच: भार वाढला की कल वाढतो.

याउलट पाटे सगळे शाबूत आहेत, फक्त डाव्या कमानीचा बाक 15 मिलिमीटरने उतरलाय, असं समजा. मग कल रिकामेपणीही 15 आणि भरल्यावरही 15. हेल्पर पाटा, म्हणजे खूप भार आल्यावरच टेकणारा तळचा जाड पाटा तुटलेला असेल तर रिकामी गाडी अगदी सरळ उभी राहील आणि भरल्यावरच कलेल. चोइथराम मंडीत बटाट्याची पोती एका बाजूला जास्त पडली असतील तर उतरवल्यावर कल जाईल. त्यासाठी मिस्त्रीकडे जायचं कारण नाही. म्हणजे दोनच मापं हवीत, एक रिकाम्या गाडीचं आणि एक दोन्ही बाजूंना सारखं वजन भरल्यावरचं. ती घेतली की कोणते नट खोलायचे हे आधीच ठरतं. नुसत्या नजरेवर विसंबू नये याला आणखी एक कारण आहे. पाटा बऱ्याचदा सगळे पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टच्या भोकापाशी तुटतो, कारण वाकवणारा जोर तिथे सर्वांत जास्त आणि भोकामुळे ताण त्याच्या कडेला एकवटलेला. ती जागा कमान एक्सलला बांधणाऱ्या यू-बोल्टच्या पकडीत झाकलेली असते, त्यामुळे बाहेरून कमान धडधाकट दिसते.

"कमान मऊ पडली" असं लोक म्हणतात. विज्ञानाच्या दृष्टीने ते चूक आहे. पोलादाचा ताठरपणा, म्हणजे यंगचा गुणांक, सुमारे 200 गिगापास्कल असतो आणि वर्षानुवर्षं माल वाहून तो कमी होत नाही. कमी होतो तो बाक. सोसवेल त्यापलीकडे वारंवार भार टाकला की पाटा थोडा कायमचा सरळ होतो. तो मऊ झालेला नसतो, फक्त खालून सुरुवात करतो. आपण डावीकडून गाडी चालवतो, कडेचे खड्डे आणि डांबरावरून मातीत उतरणारी साइडपट्टी डाव्या चाकाच्या वाट्याला जास्त येते. डावी कमान आधी बसण्यामागे मला हे एक कारण वाटतं.

बाक गेलेला असताना वर आणखी एक पाटा चढवणं हा बाजारातला आवडता उपाय. उंची मिळते, पण त्या बाजूचा ताठरपणा वाढतो, आणि रिकामी सरळ दिसणारी गाडी भरल्यावर उलट्या बाजूला झुकते. त्यात जाडीचा घोळ होतो. पाट्याचा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो: 8 मिलिमीटरच्या जागी 10 मिलिमीटरचा पाटा घातला की तो जवळजवळ दुप्पट ताठ. शिवाय तितकंच वाकताना जाड पाट्याच्या पृष्ठभागावर ताण जास्त येतो, म्हणून मजबूत म्हणून घातलेला पाटाच आधी तडकतो.

दुसरा उपाय पाटे घणाने ठोकून पुन्हा बाक देण्याचा. थंड ठोकलेला बाक टिकत नाही. स्प्रिंगचं पोलाद साधारण 850 ते 900 अंश सेल्सिअसला तापवून तेलात विझवतात, मग पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. कारखान्यात त्यानंतर पाट्याच्या वरच्या, ताणल्या जाणाऱ्या अंगावर पोलादी छर्‍यांचा मारा करतात. त्याने पृष्ठभाग दाबलेल्या अवस्थेत राहतो आणि तडा सुरू व्हायला अवघड जातं. भट्टी आणि तेल असलेला कारागीर यातलं पहिलं नीट करू शकतो, छर्‍यांचं काम रस्त्याकडेला होत नाही. माझं मत विचाराल तर एका एक्सलच्या दोन्ही कमानी एकाच बनावटीच्या, एकदमच बदलाव्यात. एक बाजू नवी आणि एक जुनी ठेवली तर कल फक्त बाजू बदलतो.

बसवताना एक गोष्ट मात्र हटकून चुकते. कमानीच्या डोळ्यांतले, म्हणजे टोकांच्या गोल वळ्यांतले रबरी बुश पिळले जाऊन काम करतात. गाडी जॅकवर लटकत असताना शॅकलचे, म्हणजे कमानीचं टोक चेसिसला जोडणाऱ्या झुलत्या कडीचे बोल्ट घट्ट आवळले, तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं, ती बाजू जरा उंच धरून ठेवतं आणि लवकर फाटतं. आधी चाकं जमिनीवर, वजन कमानीवर, मग शेवटचा आवळा. यू-बोल्ट नवे घालावेत आणि काहीशे किलोमीटर माल वाहून झाल्यावर पुन्हा आवळावेत. मागची उंची बदलली असेल तर हेडलाइटचा झोत तपासून घ्यावा. भारानुसार मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असेल तर तोही जुळवून घ्यावा, कारण तो वजन मोजत नाही, एक्सल आणि चेसिसमधलं अंतर मोजतो.