उजेड लागलेला फोटो लालच का होतो?

कॅमेऱ्यात रोल असताना मागचं झाकण चुकून उघडलं की घरातलं कुणीतरी ओरडायचं, ‘गेला रोल!’ खरं तर सगळा रोल जात नाही. उजेड मुख्यतः गुंडाळीच्या बाहेरच्या वेढ्यांना लागतो, आतले फोटो बऱ्याचदा वाचतात. बाहेरच्या फोटोंवर नारिंगी-लाल झळ उमटते, कधी तिच्यात फिल्मच्या कडेच्या भोकांचे चौकोनी ठसेही दिसतात. अशा फोटोंचे आज जगभर चाहते आहेत. हाँगकाँगमध्ये 1982 साली आलेला होल्गा हा प्लास्टिकचा कॅमेरा तर उजेड झिरपण्यासाठीच नावाजला गेला.

पण आत शिरलेला उजेड पांढरा असतो. मग झळ लाल का?

रंगीत फिल्मवर जिलेटिनचे थर असतात आणि त्यांत सिल्व्हर हॅलाइडचे बारीक स्फटिक. भिंगाच्या बाजूने पाहिलं तर सर्वांत वर निळा प्रकाश टिपणारा थर, मग हिरवा टिपणारा आणि तळाशी, प्लास्टिकच्या पट्टीलगत, लाल टिपणारा. हे स्फटिक मुळात निळ्या प्रकाशाला संवेदनशील असतात. म्हणून वरच्या थराखाली एक पिवळा थर घालतात, तो निळा प्रकाश खाली जाऊ देत नाही.

झाकणाच्या फटीतून येणारा उजेड मात्र फिल्मच्या पाठीवर पडतो. त्याला सगळ्यांत आधी लाल थर भेटतो. उजेड थोडाच असेल तर तिथेच संपतो आणि प्रिंटमध्ये लाल डाग येतो. जास्त असेल तर हिरव्या थरापर्यंत पोचतो. लाल आणि हिरवा मिळून नारिंगी, पिवळा होतो. पुढे तो पिवळा थर आडवा येतो, त्यामुळे निळा टिपणाऱ्या थराला फारसं काही मिळत नाही. झळीच्या कडेला लाल आणि मध्याकडे पिवळा दिसतो तो यामुळेच. मला यातलं सौंदर्य इथे दिसतं: उजेड किती खोल गेला, याची ती नोंद आहे. मोबाइलच्या फिल्टरमधली झळ दिसते तशीच, पण ती कुठल्या थरातून आलेली नसते.

सिनेस्टिल 800टी या फिल्मवर रात्रीच्या दिव्यांभोवती लाल वलयं येतात, त्यामागेही हेच कारण. पारंपरिक सिनेमाच्या फिल्मच्या पाठीला काजळीसारखा काळा थर असतो. सिनेस्टिल ही मुळात सिनेमाचीच फिल्म, पण तिच्यावरून तो आधीच काढलेला असतो. दिव्याचा प्रखर प्रकाश आरपार जातो, मागून परावर्तित होतो आणि परतताना पहिल्यांदा लाल थरालाच लागतो. काही हौशी लोक तर फिल्म मुद्दाम उलटी भरतात, मग अख्खा फोटोच लालसर नारिंगी येतो.

आपल्या जुन्या कॅमेऱ्यातून प्रत्येक फोटोत डाव्या कडेला झळ येत असेल, तर फट उजवीकडे शोधावी, कारण भिंगातून प्रतिमा फिल्मवर उलटी पडते. 35 मिमीच्या बहुतेक कॅमेऱ्यांत मागून पाहताना झाकणाची बिजागरी उजवीकडेच असते आणि तिथला काळा स्पंज वर्षानुवर्षांनी चिकट होऊन झडतो.