‘कृष्णवर्णीय बाई म्हणजे तापट’ हा समज आला कुठून?

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रिया मुळातच भांडखोर असतात, हा समज मीम्समधून आजही फिरतो. तो साफ खोटा आहे, आणि त्याचा माग काढता येतो. ‘एमॉस अँड अँडी’ ही रेडिओमालिका १९२८ मध्ये शिकागोत सुरू झाली. लिहिणारे दोघे गोरे पुरुष. कृष्णवर्णीय पात्रांचे आवाजही सुरुवातीला तेच काढत. नवऱ्यावर सतत डाफरणारी सफायर हे त्यातलंच पात्र. १९५१ मध्ये मालिका टीव्हीवर आली तेव्हा ‘एनएएसीपी’ या नागरी हक्क संघटनेने तिला जाहीर विरोध केला. तरी पुनःप्रक्षेपण १९६६ पर्यंत चालूच राहिलं. म्हणजे ज्याला ‘स्वभाव’ म्हणतात, तो चक्क लिहून दिलेला होता!

२०१८ च्या यूएस ओपन अंतिम सामन्यात कृष्णवर्णीय टेनिसपटू सेरेना विल्यम्स पंचांवर चिडली. मेलबर्नच्या ‘हेरल्ड सन’ या दैनिकाने तिचं व्यंगचित्र छापलं, त्यात तोच जुना साचा: जाडजूड ओठ, अवाढव्य शरीर, मोडक्या रॅकेटवर थयथयाट, बाजूला बाळाची चोखणी. रॅकेट तिने आपटली होती, हे खरं. पण जॉन मॅकेन्रो या गोऱ्या टेनिसपटूला तर १९९० मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनमधून गैरवर्तनासाठी बाद केलं होतं. त्यावरून गोरे पुरुष जात्याच तापट, असं कोणी म्हटलं नाही.