क्रुसावरचं लेनिन पदक आणि दोन कलमं

मॉस्कोत मार्च २००७ मध्ये भरलेल्या ‘निषिद्ध कला २००६’ या प्रदर्शनात आत शिरल्यावर एकही चित्र दिसत नसे. समोर मुद्दाम उभारलेली कोरी भिंत आणि तिला बारीक भोकं. भोकाला डोळा लावला तरच पलीकडचं चित्र दिसे. आदल्या वर्षी शहरातल्याच संग्रहालयांनी आणि कलादालनांनी लावायला नकार दिलेली ही कामं होती. त्यांतल्या एकात क्रुसावरच्या ख्रिस्ताच्या डोक्याच्या जागी लेनिन पदक, म्हणजे सोव्हिएत काळातला सर्वोच्च सन्मान, होतं, दुसऱ्यात शिष्यांना उपदेश करणाऱ्या येशूच्या जागी मिकी माऊस.

पदकाचं चित्र काढणारा १९७४ मध्येच देश सोडून न्यूयॉर्कला गेला होता. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला मॉस्कोच्या कडेला, मोकळ्या मैदानात भरलेलं अनधिकृत चित्रकारांचं प्रदर्शन बुलडोझर आणि पाण्याचे टँकर आणून उधळण्यात आलं. जगभर ओरड झाल्यावर दोनच आठवड्यांत एका उद्यानात चार तासांची परवानगी मिळाली. सरकारी कलावंत संघाचं सदस्यत्व नसलं की चित्रकाराला ‘काम न करणारा परजीवी’ ठरवता येई; १९६१ पासून तसा कायदाच होता. त्या पिढीने शाळेत, कचेरीत, कारखान्यात, जिथे बघावं तिथे लेनिनच पाहिला. म्हणून ते चित्र मला चर्चपेक्षा सत्तेच्या देव्हाऱ्याबद्दल बोलताना दिसतं.

झारच्या काळातही चित्र हटवण्याचा प्रकार घडला होता. ‘सत्य म्हणजे काय?’ या चित्रातला रोमन सुभेदार पिलातापुढे उभा असलेला, सावलीतला, विस्कटलेल्या केसांचा येशू १८९० मध्ये प्रदर्शनातून काढायला लावला होता.

२००७ च्या प्रदर्शनावरून आयोजकांवर झालेल्या खटल्याबद्दल आपल्याकडे सरसकट ‘भावना दुखावल्याचा खटला’ असं लिहिलं जातं. ते चूक आहे, आणि ही चूक किरकोळ नाही. धार्मिक भावना दुखावणं हा तेव्हा रशियात फौजदारी गुन्हा नव्हता. आयोजकांवर लावलं गेलं ते कलम २८२, म्हणजे द्वेष आणि वैर भडकवणं. भावना दुखावल्याचं तक्रारदार स्वतः सांगू शकतो. द्वेष भडकवला म्हणायचं तर कोणी, कोणाविरुद्ध, कोणाच्या मनात, हे दाखवावं लागतं. भोकातून डोकावल्याशिवाय न दिसणारं चित्र गर्दी कशी भडकवणार? तरीही सरकारी पक्षाने तीन वर्षांची कैद मागितली. १२ जुलै २०१० रोजी दोन्ही आयोजक दोषी ठरले. एकाला दोन लाख, दुसऱ्याला दीड लाख रूबल दंड झाला. कैद टळली म्हणून या निकालाला सौम्य म्हणणं मला पटत नाही.

त्याला पूर्वपीठिका होती. २००३ च्या जानेवारीत, ‘निषिद्ध कला’ भरलं त्याच जागी, ‘सावधान, धर्म!’ प्रदर्शनाची मोडतोड झाली. मोडतोड करणारे सुटले, भरवणाऱ्यांना २००५ मध्ये दंड झाला.

पुढे २०११ मध्ये कालुगा प्रांतातल्या न्यायालयाने मिकी माऊसचं ते चित्र ‘अतिरेकी साहित्य’ ठरवलं. २०१२ मध्ये मॉस्कोच्या मुख्य चर्चमध्ये सरकारविरोधी गाणं म्हणणाऱ्या पंक गटातल्या तरुणींना शिक्षा झाली तीसुद्धा गुंडगिरीच्या कलमाखाली. भावनांसाठी वेगळं कलम हवं, ही मागणी त्यानंतर जोर धरू लागली आणि २०१३ मध्ये कलम १४८ बदललं: एक वर्षापर्यंत कैद, प्रार्थनास्थळी घडलं तर तीन वर्षांपर्यंत. २०१८ च्या अखेरीस कलम २८२ खालची पहिली चूक फौजदारीतून वगळली गेली. भावनांचं कलम मात्र कायम राहिलं.